पीडीपी-११/३४ : दुसरी पेटी युनिबसला जोडली की मशीन मुकं होतं

मेनार्डकर

नमस्कार मंडळी. सलग तीन शनिवार एकाच जागी अडकून पडलोय, म्हणून शेवटी धागा काढतो.

माझ्याकडे पीडीपी-११/३४ए आहे, डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा जुना मिनीकॉम्प्युटर. त्याची सगळी कार्डं युनिबस नावाच्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात. मुख्य पेटी एकटी असताना अगदी शहाण्यासारखी चालते. आत एम८२६५ आणि एम८२६६ ही सीपीयूची जोडी, त्यांच्या शेजारी एम९३१२ (मशीन सुरू करून देणारं कार्ड), मग एम७८९१ मेमरी, एम७८५६ सिरियल कार्ड, आणि नवव्या स्लॉटच्या ए-बी भागात (स्लॉटचे ए ते एफ असे सहा भाग असतात) एम९३०२ टर्मिनेटर, म्हणजे बसच्या टोकाला लावायचं कार्ड. वीज दिली की कन्सोलवर सहा-सहा अंकांच्या चार संख्या उमटतात आणि त्यांच्या खाली @ येतं, म्हणजे मशीन हुकमाची वाट बघतंय. ते चिन्ह पाहिलं की अजून प्रत्येक वेळी बरं वाटतं.

गेल्या महिन्यात बीए११-के ही जोडपेटी मिळाली. आत नऊ स्लॉटांचं डीडी११-डीके बॅकप्लेन (कार्डं खोचायचा फलक) आहे. आरएल११ कंट्रोलर तिथे बसवून आरएल०२ डिस्क चालवायची, असा बेत. सोबत बीसी११ए केबल आली, १० फुटी. मुख्य पेटीच्या नवव्या स्लॉटमधून एम९३०२ काढला आणि त्याच जागी केबलचं एक टोक घातलं. दुसरं टोक नव्या पेटीच्या पहिल्या स्लॉटच्या ए-बी भागात, आणि एम९३०२ नव्या पेटीच्या नवव्या स्लॉटला. आरएल११ तिसऱ्या स्लॉटमध्ये आहे. बाकीच्या सगळ्या स्लॉटांत जी७२७ ही रिकाम्या जागेची जोडकार्डं घातली.

वीज दिली तर कन्सोलवर काहीच नाही. आकडे नाहीत, @ नाही. केबल काढून एम९३०२ परत मूळ जागी लावला की मशीन पुन्हा पूर्ववत. दोन्ही पेट्यांत ५ व्होल्टचा पुरवठा ५.०५ च्या आसपास मिळतो. केबलची टोकं उलटसुलट करून पाहिली, काठाचे सोनेरी संपर्क पुसले. काय राहतंय?

अमेरिकेतल्या ज्या मेनार्ड गावात १९५७ साली डिजिटल इक्विपमेंटची सुरुवात झाली, त्याच गावात राहून तिचं मशीन अडून बसलंय, याची रुखरुख जास्त आहे. कंपनी जिथे सुरू झाली ती जुनी लोकरीची गिरणी रोज जाता-येता दिसते.

तांब्याची_तार

सगळ्यात आधी एक काम करा. वीज बंद करून एम९३०२ आणि केबलची टोकं नक्की कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते टॉर्च लावून बघा. डीडी११-डीके मध्ये युनिबसची प्रमाण मांडणी फक्त पहिल्या आणि नवव्या स्लॉटच्या ए-बी भागात असते. मधल्या दोन ते आठ स्लॉटांचे ए-बी भाग एमयूडी, म्हणजे बदललेल्या मांडणीचे असतात. युनिबसवर जिथे ग्राउंड असतं अशा काही पिनांवर तिथे मेमरीसाठीचे वेगळे व्होल्टेज येतात. टर्मिनेटर किंवा केबल चुकून तिथे गेली तर मशीन नुसतं अडत नाही, जळतं. आत जागा अडचणीची असते, एका स्लॉटने चूक सहज होते. मी ठाण्याला आहे आणि आता निवृत्त आहे. पण तरुणपणी एका संशोधन संस्थेत हीच यंत्रं सांभाळत होतो. तेव्हापासूनची सवय आहे : कार्ड दाबण्याआधी स्लॉट मोठ्याने मोजायचा.

ते ठीक असेल तर पुढचं :

१. दुसऱ्या पेटीला वीज पहिलीच्या आधी किंवा बरोबरच मिळते ना?

२. बॅकप्लेनच्या मागच्या वायर-रॅप (पिनांना तार गुंडाळून जोडायच्या) बाजूला प्रत्येक स्लॉटच्या सीए१ आणि सीबी१ या पिना तारेने जोडलेल्या आहेत का?

३. अडलेल्या अवस्थेत सॅकची (बस वापरायची परवानगी पोचली असं कळवणारी) तार, म्हणजे प्रमाण स्लॉटमधली एआर२ पिन, किती व्होल्ट दाखवते?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की अर्धं काम झालं असं समजा.

नवशिका_कोल्हापूर

मधेच विचारतो, माफ करा. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टर्मिनेटर नक्की करतो काय? केबल तर नुसत्या तारा आहेत. वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारच ना?

ओहमताई

माफी कशाला, प्रश्न बरोबर जागी विचारलास.

शेतातल्या पाटात पाणी सोडल्यावर पुढचं दार बंद असेल तर काय होतं ते पाहिलंयस का? पाण्याचा लोंढा दारावर आपटतो आणि उलटा फिरून मागे येतो. तारेवरच्या सिग्नलचंही तेच. एक फूट अंतर जायला त्याला साधारण दीड नॅनोसेकंद लागतो. म्हणजे १० फुटांच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ३० नॅनोसेकंद. त्या काळातल्या टीटीएल (लॉजिकच्या) चिपा यापेक्षा लवकर पातळी बदलतात. म्हणून टोकाशी पोचलेल्या सिग्नलला तिथेच जिरवलं नाही तर तो परत फिरतो आणि वाटेतल्या प्रत्येक कार्डाला खोटा धक्का देतो. जिरवायचं म्हणजे केबलच्या स्वभावाइतकाच रोध टोकाला लावायचा. युनिबसच्या तारेचा हा स्वाभाविक रोध १२० ओहम धरलेला आहे.

आता एम९३० सारख्या टर्मिनेटरवर प्रत्येक सिग्नलला दोन रोधक असतात : १८० ओहमचा ५ व्होल्टकडे आणि ३९० ओहमचा ग्राउंडकडे. सिग्नलच्या नजरेने हे दोन्ही समांतर आहेत, म्हणजे १२३ ओहम. झाले १२० च्या जवळ. शिवाय कोणी बोलत नसताना तार आपोआप ५ × ३९० ÷ ५७० = ३.४ व्होल्टवर उभी राहते. युनिबसवर बहुतेक तारा खाली ओढल्या की "हो" आणि वर असल्या की "नाही" असतं. त्यामुळे टर्मिनेटरची कामं दोन आहेत, परतणारी लाट जिरवणं आणि तार वर धरून ठेवणं. लोक पहिलं लक्षात ठेवतात, दुसरं विसरतात. आणि बिघाड जास्त करून दुसऱ्यातून येतात.

तार खाली ओढणाऱ्या चिपेला दोन्ही टोकांच्या टर्मिनेटरांशी झुंजावं लागतं. ती तार ०.७ व्होल्टपर्यंत ओढली की एका टर्मिनेटरकडून तिच्यात साधारण २२ मिलिअँपिअर येतात, दोघांकडून ४४. त्यासाठीच डिजिटलने ८८८१ ही दांडगी ओपन-कलेक्टर (तार फक्त खाली ओढणारी) चिप वापरली, ती ५० मिलिअँपिअर सहज पचवते. आता कोणी "असू दे, चांगलंच आहे" म्हणून मधे तिसरा टर्मिनेटर ठेवला, तर हिशोब ६६ वर जातो. मग तार पुरेशी खाली येत नाही आणि मशीन कधी चालतं, कधी नाही. सीपीयूजवळच्या एम९३०१ किंवा एम९३१२ वर टर्मिनेटर आधीच असतो. तो असताना जुना एम९३० पण लावून ठेवलेला मी पाहिलाय. टर्मिनेटर दोनच, आणि दोन्ही अगदी टोकांना.

मेनार्डकर, तांब्याची_तार काकांचा पहिला प्रश्न का महत्त्वाचा आहे तेही सांगते. दुसऱ्या पेटीची वीज बंद असली तर तिथल्या टर्मिनेटरचा १८० चा रोधकही जवळजवळ ग्राउंडकडेच जातो. म्हणजे दूरच्या टोकाला ग्राउंडकडे १२३ ओहम. मांडून पाहा, तार ३.४ वरून साधारण १.७ व्होल्टवर येते. युनिबसचे रिसीव्हर १.७ च्या वर "नाही" आणि १.३ च्या खाली "हो" ओळखतात. म्हणजे सगळी बस बरोबर उंबरठ्यावर येऊन थांबते.

तांब्याची_तार

ताईंनी १.७ चा आकडा काढला आणि मला एक दुपार आठवली. मे महिना होता, एसी बंद पडलेला. खोली तापली म्हणून कोणीतरी काळजीपोटी "आत्ता लागत नाही" असं म्हणत दुसऱ्या कपाटाचा स्विच बंद केला. त्यात फक्त एक प्रिंटरचा इंटरफेस आणि टर्मिनेटर होता. सगळं मशीन बसलं. आम्ही दोघे जण संध्याकाळपर्यंत पहिल्या कपाटातली कार्डं बदलत राहिलो, आणि दोष आमच्या पाठीमागे होता. त्यानंतर दुसऱ्या कपाटाच्या स्विचवर मी स्वतः पांढऱ्या रंगाने लिहिलं : "याने सगळं बंद होतं".

दुसऱ्या पेटीचा वीजपुरवठा एसीलो आणि डीसीलो या दोन तारांनीही पुरवठा गेल्याचं सगळ्या बसला कळवत असतो, तेही ध्यानात ठेवा.

मेनार्डकर

काका, ताई, मनापासून आभार. आज संध्याकाळी तासभर मिळाला. मोजमापं अशी :

स्लॉट बरोबर आहेत, दोनदा मोजले. दोन्ही पेट्या एकाच स्विचवर आहेत.

सॅक : केबल नसताना ३.४. केबल जोडून ०.४, आणि तिथून हलत नाही!

सीए१-सीबी१ चं मात्र मला नीट कळलं नाही. आरएल११ च्या स्लॉटमधली ती तार मी काढली आहे, कारण तो थेट मेमरीशी बोलणारा कंट्रोलर आहे आणि पुस्तिकेत तसं लिहिलंय. बाकी सगळीकडे जी७२७ आहेतच की. ग्रँट त्यांच्यातून पुढे जात नाही का?

तांब्याची_तार

सापडलं. निदान पहिला चोर तरी.

युनिबसवर ५६ सिग्नल आहेत. त्यातले ५१ नुसते सगळ्यांना समांतर लागलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. पण पाच वेगळ्या जातीचे आहेत : बीजी४, बीजी५, बीजी६, बीजी७ आणि एनपीजी. या परवानगीच्या तारा, म्हणजे ग्रँट. सीपीयू परवानगी सोडतो, ती पहिल्या कार्डात शिरते, त्याला नको असेल तर ते कार्ड पुढच्याला देतं. हातोहात जाणारी साखळी आहे ही. मधला एक माणूस गैरहजर असला की माल तिथेच पडतो. आणि या पाच तारा उलट्या रीतीच्या आहेत, त्यांच्यावर वर म्हणजे "हो".

जी७२७ हे बोटभर कार्ड डी ओळीत बसतं आणि फक्त चार बीजी तारा पुढे जोडतं. डीके२ ला डीएल२, डीएम२ ला डीएन२, डीपी२ ला डीआर२, डीएस२ ला डीटी२. बस, एवढंच. एनपीजी त्याच्या हातात नाही! ती सी ओळीत आहे, सीए१ ला शिरते आणि सीबी१ ने बाहेर पडते. रिकाम्या स्लॉटमध्ये त्या दोन पिनांना जोडणारी तार मागे असलीच पाहिजे. तुमच्या आधीच्या मालकाकडे कुठल्यातरी स्लॉटमध्ये दुसरा डिस्क कंट्रोलर असणार. त्याने तार कापली, पेटी विकताना कंट्रोलर काढून घेतला, आणि तार तशीच राहिली.

आता एम९३०२ चं काम बघा. ११/०४ आणि ११/३४ साठी हा खास टर्मिनेटर आहे. कोणीच न घेतलेली परवानगी साखळीच्या टोकाला पोचली तर सीपीयू ताटकळत राहू नये, म्हणून तो स्वतःच सॅक ओढून "पोचली" असं कळवतो. साखळी तुटलेली असली की त्याच्याकडची एनपीजी आपल्याच रोधकाने वर जाते. त्याला वाटतं परवानगी आली. तो सॅक ओढतो आणि सोडतच नाही. सीपीयू समजतो, कोणीतरी बस मागितली आहे, थांबलं पाहिजे. असा थांबतो की कन्सोलवर एक अक्षर उमटत नाही.

वीज बंद करा. मल्टिमीटर बीपवर ठेवा. दुसऱ्या पेटीत मागून एक-एक स्लॉटची सीए१ आणि सीबी१ तपासा. आरएल११ चा स्लॉट सोडून सगळीकडे बीप आलाच पाहिजे. वीज चालू ठेवून हे करू नका. वायर-रॅपच्या पिना दाट असतात, टोक घसरलं की नुकसान होतं.

मेनार्डकर

सहावा स्लॉट! बीप नाही. भिंगातून पाहिलं तर दोन्ही पिनांवर जुन्या तारेचा एकेक वेढा अजून शिल्लक आहे, मधला भाग कापलेला. काका, तुम्ही ठाण्यात बसून माझ्या तळघरातला कापलेला तुकडा पाहिलात.

३० गेजची निळी तार घेऊन वायर-रॅपच्या हत्याराने दोन पिना जोडल्या. वीज दिली. सॅक ३.४, आणि कन्सोलवर चार संख्या, खाली @.

बायकोला खाली बोलावून दाखवलं. तिने विचारलं, "हे तर आधीही येत होतं ना?" तिला म्हटलं, हो, पण आता १० फूट लांबून येतंय.

रविवारची_खटपट

अभिनंदन! फार छान धागा चाललाय. हाच धागा धरून माझंही विचारून घेतो, वेगळा काढत नाही.

पुण्यात माझ्याकडे एलएसआय-११/२३ आहे, क्यू-बसवालं (ही पीडीपी-११ घराण्यातल्या लहान यंत्रांची बस). एक बॅकप्लेन भरलं म्हणून दुसरं जोडायचंय, आणि पुढेमागे तिसरंही. तिथेही हेच नियम का? आणि केबलींची लांबी कोणती घ्यावी? मिळेल ती छोटी घेणार होतो, दोन्हीकडे सारखीच.

तांब्याची_तार

सारख्या लांबीच्या घेऊ नका. क्यू-बसचा नियम लेखी आहे : पहिल्या आणि दुसऱ्या बॅकप्लेनमधली केबल किमान २ फूट. दुसऱ्या-तिसऱ्यातली केबल पहिलीपेक्षा ४ फुटांनी लहान किंवा मोठी. दोन्ही मिळून १६ फुटांच्या आत. पहिल्या जोडणीला बीसीव्ही१बी आणि दुसरीला बीसीव्ही२बी असं नाव असतं. शेवटच्या बॅकप्लेनला १२० ओहमचा टर्मिनेटर.

क्यू-बसवर ग्रँटची साखळी जास्त नाजूक आहे, कारण रिकाम्या स्लॉटमध्ये ती सरळ तुटते. कार्डं सीपीयूपासून ओळीने, मधे जागा न सोडता लावायची. सोडावीच लागली तर तिथे जी७२७२ घालायचं.

ओहमताई

चार फुटांच्या फरकामागचं कारण : प्रत्येक बॅकप्लेन म्हणजे तारेवरचा एक गठ्ठा. तिथे कार्डांची धारकता एकत्र येते, रोध बदलतो, आणि थोडा सिग्नल परत फिरतो. दोन्ही केबली सारख्या लांबीच्या असल्या तर दोन गठ्ठ्यांवरून परतलेल्या लाटा एकाच वेळी एकाच जागी भेटतात आणि त्यांची बेरीज होते. लांबी वेगळी ठेवली की त्या वेगवेगळ्या वेळी येतात, आणि प्रत्येक एकटी लाट रिसीव्हरला फसवण्याइतकी मोठी नसते.

युनिबसवरही हेच दुखणं होतं. शेजारशेजारची बॅकप्लेनं जोडायला एम९२० नावाची आखूड जोडणी असायची. नंतर त्याच जागी एम९२०२ आली, जिच्यात २ फुटांची केबल घडी करून मुद्दाम ठेवलेली आहे. इंचभराच्या अंतरासाठी दोन फूट तार! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कोणाची तरी मोजण्यात चूक झाली. मग कारण कळलं आणि ज्याने ती योजली त्याच्याबद्दल आदरच वाटला. भार एका जागी साचू नये, पसरून राहावा, म्हणून ती लांबी.

मेनार्डकर

मंडळी, आनंद दोन दिवस टिकला.

कन्सोल बोलतंय, मुख्य पेटी ठीक. पण आरएल११ सापडत नाही. त्याचं रजिस्टर ७७४४०० वर असायला हवं. ते वाचायला गेलो की उत्तर नाही, टाइमआउट. आरएल११ तात्पुरतं मुख्य पेटीत आणून पाहिलं, तिथे त्याच पत्त्यावर लगेच उत्तर देतं. म्हणजे कार्ड चांगलं आहे. दुसऱ्या पेटीत परत नेलं की गप्प. एनपीजीच्या तारा दोन्ही वेळा हलवल्या-जोडल्या, शपथेवर सांगतो.

केबल टेबलावर सरळ पसरून एक-एक तार टोकापासून टोकापर्यंत बीपवर तपासली. सगळ्या ५६ वाजल्या.

ओहमताई

टेबलावर वाजल्या. पेटीत बसवल्यावर?

बीसी११ए ही साधी रिबन केबल नाही. मायलरच्या पातळ पट्टीत तांब्याच्या चपट्या रेषा आहेत, १२० : सिग्नल ५६ आणि उरलेल्या ग्राउंडच्या. ही पट्टी पन्नास वर्षांची असू शकते. रॅकमागे काटकोनात घडी घालून दाबलेली असते, आणि तांबं नेमकं घडीवर तडकतं. सपाट ठेवली की तडा मिटतो, वाकवली की उघडतो.

ती न काढता तपासायची एक सोपी पद्धत आहे, टर्मिनेटरच तुमच्यासाठी काम करतात. सगळं जोडलेलं ठेवून वीज बंद करा. पहिल्या पेटीच्या बाजूने एकेक सिग्नल आणि ग्राउंड यांच्यात रोध मोजा. वीज नसताना प्रत्येक टर्मिनेटर साधारण १२० ओहमचा दिसतो. तारेला दोन टर्मिनेटर लागलेले असतील तर मीटर ६० च्या आसपास दाखवेल. मधे तार तुटली असेल तर जवळचा एकच टर्मिनेटर दिसेल, म्हणजे जवळपास दुप्पट. पाच ग्रँट, एसीलो आणि डीसीलो यांचं वेगळं आहे, ते सोडून द्या. आकडे थोडे वरखाली होतील, तिकडे लक्ष देऊ नका. बाकीच्यांपेक्षा वेगळी एखादी तार शोधा.

मेनार्डकर

रात्रीचे साडेअकरा झालेत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मुलीला वही दिली, मी पिनचं नाव सांगायचं, आकडा वाचायचा, तिने लिहायचं. ६१, ६२, ६१, ६०, ६२... वहीचं अर्धं पान असं भरलं. बीएन१ वर मीटर ११९ वर थांबलं. तिने मान वर करून विचारलं, "बाबा, परत बघा ना." परत ११९. केबल रॅकमागे जिथे काटकोनात वळते तिथे बोटाने हलकं वर उचललं, ६१. सोडलं, ११९.

बीएन१ म्हणजे पत्त्याचा बिट ११.

तांब्याची_तार

शाबास, आणि लेकीलाही. या कामाला वही धरणारं माणूस लागतंच.

आता पत्ता मांडून बघा. पत्ता अष्टमान पद्धतीत असतो, दर अंकाला तीन बिट. ७७४४०० यातला तिसरा अंक ४, म्हणजे बिट ११ उभा (एक). ती तार केबलमध्ये तुटली की पलीकडच्या पेटीतला टर्मिनेटर आपल्या बाजूचा तुकडा कायम वर धरतो. वर म्हणजे शून्य. सीपीयू ७७४४०० म्हणतोय आणि आरएल११ ला ऐकू येतंय ७७०४००. त्या नावाने कोणी हाक मारली तर तो का उठेल?

नवशिका_कोल्हापूर

मग मुख्य पेटी तरी कशी चालत होती? तिथली बिट ११ ची तार एकाच टोकाला टर्मिनेट होती ना?

ओहमताई

अगदी बरोबर पकडलंस! त्या एका तारेवर लाट परत येत होती. पण जवळच्या टर्मिनेटरमुळे तार वर धरलेली होती, आणि पत्ता तारांवर लागल्यावर एमसिन सिग्नल थोडा थांबून येतो, तेवढ्यात लाट शांत होत असणार. युनिबसला घड्याळ नाही. मालक, म्हणजे त्या वेळी बस चालवणारा, एमसिन म्हणतो, समोरचा तयार झाला की एसएसिन म्हणतो. या स्वभावामुळे ती बरंच सहन करते. हाच दोष एमसिनच्या तारेत असता तर कथा वेगळी झाली असती.

रविवारची_खटपट

अशा तडकलेल्या पट्टीवर सोल्डर करून जोड देता येतो का?

तांब्याची_तार

नका करू. मायलर वितळतं, शेजारच्या रेषा जुळतात, आणि आज एक जोडली की उद्या शेजारची जाते, कारण घडी तीच असते. जी पट्टी एका ठिकाणी तडकली ती त्या सबंध रेषेत थकलेली असते.

दुसरी बीसी११ए मिळाली तर उत्तम. नाहीतर हौशी लोक टोकांची नवी कार्डं बनवून त्यांना साधी रिबन केबल लावतात. तसं करायचं तर दर सिग्नलशेजारी ग्राउंडची तार सोडायचीच. तारा वाचवायला सगळे सिग्नल शेजारी-शेजारी कोंबले तर रोधही बिघडतो आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. आणि लांबीचा मोह नको. एका युनिबसला सगळ्या पेट्या धरून ५० फूट आणि २० भार ही हद्द आहे, त्यापुढे रिपीटर लागतो. १० फुटांची गरज नसेल तर ५ फुटी घ्या. वळवताना हाताच्या मनगटाएवढी गोलाई ठेवा, इस्त्रीची घडी नको.

संपर्क पुसायला खोडरबर वापरत असाल तर तेही थांबवा. सोनं जातं त्याने. मुंबईच्या पावसाळ्यात आम्ही दर पंधरवड्याला पुसायचो, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती फडक्याने.

मेनार्डकर

दहा दिवसांनी येतोय, उशिराबद्दल क्षमा.

एका ओळखीच्या संग्राहकाकडून ५ फुटी बीसी११ए मिळाली. या वेळी आधी वहीचं काम केलं. सगळ्या तारा ६० ते ६३ च्या दरम्यान. केबल हाताने तीन ठिकाणी हळू वाकवून पुन्हा मोजली. मागच्या बाजूला एका लाकडी गोल दांडीवरून वळवली आहे, काकांच्या मनगटाच्या मापाने.

७७४४०० वाचलं. उत्तर आलं, बिट ७ उभा : कंट्रोलर तयार.

पण डिस्क जोडल्यावर चुका येऊ लागल्या. घाबरलो, की पुन्हा पहिल्यापासून. मग लक्षात आलं, आरएल०२ च्या मागे दोन कनेक्टर आहेत, एकात केबल आणि दुसरा मोकळा. त्या ड्राइव्हच्या केबलचा टर्मिनेटर वेगळा असतो, शेवटच्या ड्राइव्हवर लावायचा, आणि तो माझ्या खोक्यात तळाशी कागदात गुंडाळून पडला होता. लावला. आता ती वाचते.

तांब्याची_तार

छान झालं. आता दुसऱ्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. नऊ स्लॉट ओळीने, प्रत्येकापुढे कार्डाचं नाव, आणि सीए१-सीबी१ ची तार "आहे" की "नाही". पेन्सिलने लिहा, म्हणजे बदलता येईल. पेटी कधी दुसऱ्याकडे गेली तर तो कागद पेटीबरोबरच जाऊ द्या.

मेनार्डकर

लावला. अक्षर मुलीचं आहे.